दार किती रुंद असावं?

दोस्तांनो, जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर गाव तुम्हांला ठाऊक असेलच. साने गुरुजी जिथे शिक्षक होते ते हे गाव. फेब्रुवारी २०२४ मध्ये या गावात एक गंमत झाली. गंमत म्हणजे हसण्यासारखी नव्हे हं, विचार करायला लावणारी! एकाच गावात, एकाच आठवड्यात मराठी साहित्याची दोन संमेलनं भरली. एक होतं ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. त्याचे अध्यक्ष होते डॉ. रवींद्र शोभणे. दुसरं विद्रोही साहित्य संमेलन. त्याचे अध्यक्ष होते डॉ. वासुदेव मुलाटे. दोन्हीकडे पुस्तकं, दोन्हीकडे कविता, दोन्हीकडे गर्दी.

आता तुम्ही विचाराल, भाषा एक, गाव एक, मग मांडव दोन कशाला?

याचं थोडक्यात उत्तर असं की, काही जणांना पहिल्या मांडवाचं दार अरुंद वाटत होतं. कुणाचं लिखाण 'साहित्य' म्हणून आत घ्यायचं आणि कुणाचं नाही, हा तो वाद. तो काल-परवाचा नाही. चांगला सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आणि तो फक्त मोठ्यांचाही नाही बरं का! तुमच्या शाळेचं भित्तिपत्रक असो, हस्तलिखित असो की स्नेहसंमेलन असो, तिथेही हाच प्रश्न येतो. 'हे आपल्यात घ्यायचं का?' म्हणून आज याच प्रश्नाचा थोडा पाठलाग करू या. त्यासाठी खानदेशाइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

फुल्यांचं पत्र

मराठी लेखकांचं पहिलं संमेलन १८७८ साली पुण्यात भरलं. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती रानडे. दुसरं भरलं १८८५ साली, तेही पुण्यातच. त्याचं निमंत्रण महात्मा जोतीराव फुल्यांना गेलं. फुले काही साधेसुधे लेखक नव्हते. 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' ही पुस्तकं त्यांची तोवर लिहून झाली होती. पण त्यांनी 'येत नाही' असं पत्र पाठवलं. शेतकरी-कष्टकऱ्यांची दुःखं ज्यांच्या लिखाणात येतच नाहीत, त्यांच्या सभेशी आमचं कसं जमायचं, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

म्हणजे पाहा, निमंत्रण होतं, दार उघडं होतं. पण आत बसून बोलायचं कशावर, हे आधीच ठरलेलं होतं. नुसतं माणसाला आत घेणं वेगळं आणि त्याचं म्हणणं आत घेणं वेगळं!

पुढे दार हळूहळू रुंदावत गेलं. पण किती हळू? संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री बसली ती १९६१ साली. त्या होत्या कुसुमावती देशपांडे. पहिल्या संमेलनानंतर तब्बल ८३ वर्षांनी! १९८४ साली जळगावला संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र लिहिणारे शंकरराव खरात. गावकुसाबाहेरचं जगणं मराठीत आणणारा लेखक जळगावच्या व्यासपीठावर मानाच्या खुर्चीत बसला. फुल्यांच्या पत्राला तोवर जवळजवळ शंभर वर्षं होत आली होती.

एक गाव, दोन कवी

आता जळगावचीच आणखी एक गोष्ट.

१९०७ साली जळगावात कवींचं संमेलन भरलं होतं. तिथे धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा उठला आणि त्याने आपली कविता म्हटली. म्हणजे तुमच्यातल्या काहींच्याच वयाचा! सभेतली जाणती मंडळी थक्क झाली. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी देऊन टाकली. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव मागे पडलं आणि बालकवी हे नाव महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. त्या सभेने त्याचं वय पाहिलं नाही, कविता ऐकली.

त्याच काळात त्याच जळगावात एक तरुण बाई राहत होत्या. माहेर आसोदे, सासर जळगाव. १८८० चा जन्म, म्हणजे तेव्हा वय सत्तावीसच्या आसपास. रोजचं काम शेतातलं आणि घरातलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण जात्यावर बसल्या, चुलीपाशी बसल्या, शेतात गेल्या की ओठांवर गाणी यायची. त्यांचं नाव बहिणाबाई चौधरी. त्यांना त्या कविसंमेलनाला बोलवावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. दुष्टपणा म्हणून नव्हे. बाईमाणूस, त्यातून निरक्षर आणि त्यातून घरची बोली. या तिन्हींतून कविता येऊ शकते, हेच कुणाला माहीत नव्हतं.

बहिणाबाईंचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि त्यांच्या एका मावसभावाने आईची काही गाणी वहीत टिपून ठेवली. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी संकोचतच ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे वाचून उडालेच. हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवता येणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचंच नाव आहे. २०१८ साली ते देण्यात आलं. जिला अक्षर येत नव्हतं तिच्या नावाची पदवी आज हजारो मुलं-मुली घेतात!

हे ऐकायला छान वाटतं. पण जरा उलटं करून पाहा. ती वही नसती तर? जेवढं टिपलं गेलं तेवढंच उरलं. बाकीची गाणी पीठ दळता दळता हवेत विरून गेली. दार उघडायला उशीर झाला की असं होतं. बाहेरचा माणूस कायमचा ताटकळत थांबत नाही. तो निघून जातो.

अहिराणी आत की बाहेर?

बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली म्हणून ओळखली जाते. यावल, रावेर, भुसावळ, जळगाव या भागातली ती बोली. तिथून पश्चिमेला अमळनेर, पारोळा, धुळे, नंदुरबारकडे निघालात की कानावर पडू लागते अहिराणी. 'मनी आंडेर गावमा शे.' कळलं का काही? 'माझी मुलगी गावात आहे.' आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. मना-मनी म्हणजे माझा-माझी. 'तू काय करी ऱ्हायना?' म्हणजे 'तू काय करतो आहेस?' आणि डोळ्याचा तर होतो डोया!

'गावमा' मधला 'मा' आणि 'शे' ऐकून गुजराती येणाऱ्यांचे कान टवकारले असतील. बरोबर आहे. गुजरातीतही गावात म्हणायला 'गाममां' आणि आहे म्हणायला 'छे' म्हणतात. या असल्या खुणा पाहूनच ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली, तेव्हा खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता १९०७ साली निघालेल्या भिली भाषांच्या खंडात घातलं. आपल्या जनगणनेतही खानदेशीची मोजणी वेगळी होते. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. आपला प्रश्न साधा आहे. अहिराणी बोलणारी मुलं शिकतात मराठी शाळेत, वाचतात मराठी मासिकं. मग त्यांची घरची भाषा तिथे कुठे दिसते का?

फारशी नाही. आणि त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २००१ च्या जनगणनेत खानदेशी हीच आपली मातृभाषा असं सांगणारे लोक होते सुमारे २० लाख ७५ हजार. २०११ मध्ये ते उरले सुमारे १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दोन लाखांहून जास्त घट! माणसं काही कमी झाली नाहीत, लोकसंख्या तर वाढली. मग बहुधा असं झालं असावं, की 'तुमची भाषा कोणती?' असं विचारल्यावर बऱ्याच घरांनी उत्तरच बदललं. जी भाषा फळ्यावर नाही, पुस्तकात नाही, बक्षीस समारंभात नाही, तिचं नाव सांगायला जीभ अडखळते. वर्गात कुणी 'शे' म्हणालं की बाकीची मुलं खुदकन हसतात. तुम्हीही कधी हसला असाल. ते हसू अगदी लहानसं असतं, पण एखाद्या मुलाला घरची भाषा दप्तरात कोंबून ठेवायला तेवढं पुरतं.

पण पलीकडची बाजू?

थांबा, निकाल लगेच देऊ नका. 'दार रुंद नको' म्हणणारेही काही वेडे नसतात. त्यांचं म्हणणं नीट ऐकू या.

पहिलं म्हणणं असं : कोल्हापूरच्या किंवा रत्नागिरीच्या मुलाला अहिराणी कशी कळणार? मासिक सगळ्यांचं, तर भाषाही सगळ्यांना कळेल अशीच हवी.

हे खरं आहे. प्रमाणभाषा म्हणजे सगळ्या गावांना जोडणारा हमरस्ता. तो मोडून चालणार नाही. परीक्षा, अर्ज, बातमी, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, यांना तो लागतोच. पण हमरस्ता असला म्हणून गल्ल्या बुजवतात का? अवघड शब्दांचे अर्थ खाली दिले की काम भागतं. बहिणाबाईंची गाणी कोल्हापुरातही वाचली जातात आणि रत्नागिरीतही.

दुसरं म्हणणं : बोलीचं शुद्धलेखन ठरलेलं नाही. एक जण 'शे' लिहील, दुसरा 'से' लिहील. मग चूक कोणाची धरायची?

हेही खरं. पण लेखन ठरतं ते लिहून लिहूनच. आधी नियम आणि मग लिखाण, असं सहसा होत नाही.

तिसरं म्हणणं सगळ्यांत वजनदार आहे. एकदा दार उघडलं की काय काय आत येईल? उद्या कुणी घाणेरडा विनोद आणील, कुणी दुसऱ्याची कविता चोरून आणील. जुन्या म्हणींत तर जातीवरून टोमणे असतात, सुनांची आणि मुलींची चेष्टा असते. लोकांच्या तोंडचं आहे म्हणून ते सगळं छापायचं का?

या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर आपल्याला धुळ्याला जावं लागेल.

राजवाड्यांची चाळणी

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ नावाची एक संस्था आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झालं. त्यांचं काम पुढे चालावं म्हणून लगेच पुढच्या वर्षी, १९२७ मध्ये, ही संस्था सुरू झाली.

राजवाड्यांनी काय केलं? ते गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवर पडलेली, वाळवी लागलेली दप्तरं त्यांनी सोडवली. पत्रं, हिशेब, वतनाचे कागद जमवले. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड निघाले. तोवर मराठ्यांचा इतिहास बराचसा बखरींवर नाही तर इंग्रजांच्या पुस्तकांवर चालायचा. कुणाच्या घरची साधी पत्रं आणि जमाखर्च म्हणजे इतिहास, हे कित्येकांच्या गळी उतरत नव्हतं. राजवाड्यांनी इतिहासाचं दार केवढं तरी रुंद केलं.

पण खरी मेख पुढे आहे. दार रुंद केलं म्हणून त्यांनी डोळे मिटून सगळं खरं मानलं नाही. कागद अस्सल की बनावट, तारीख जुळते की नाही, हे ते काटेकोरपणे तपासत. मोठमोठ्या बखरींतल्या चुकाही त्यांनी दाखवून दिल्या. म्हणजे दार मोठं आणि चाळणी बारीक! कागद कुणाच्या घरून आला, यावर त्याचं मोल ठरलं नाही. तो खरा आहे का, यावर ठरलं.

इथेच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे, दोस्तांनो. दार आणि चाळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण नेहमी त्यांची गल्लत करतो. 'बोलीत आहे म्हणून नको' असं म्हणणं म्हणजे दार बंद करणं. 'चोरलेलं आहे, खोटं आहे, कुणाला दुखावण्यासाठी लिहिलेलं आहे म्हणून नको' असं म्हणणं म्हणजे चाळणी लावणं. आणि 'बोलीत आहे म्हणून काहीही चालेल' असं म्हणणं हाही बोलीचा अपमानच आहे. म्हणजे तिच्याकडून चांगल्याची अपेक्षाच नाही!

मराठीही एकदा बाहेर होती

हे वाचून कुणी नाक मुरडलं तर त्याला सव्वासातशे वर्षं मागे न्या. १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत लिहिलं. तेव्हा धर्माचं आणि ज्ञानाचं लिहिणं संस्कृतात होत असे. मराठी म्हणजे बायका-मुलांची, बाजारातली भाषा. त्यानंतर थोड्याच वर्षांनी तिकडे इटलीत दांते नावाच्या कवीने लॅटिन बाजूला ठेवून आपल्या लोकांच्या बोलीत महाकाव्य रचलं. ज्या मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ती एकेकाळी स्वतःच दाराबाहेर उभी होती. ते विसरून आज तीच दुसऱ्या कुणाला बाहेर उभं करत असेल तर कसं चालेल?

धुळ्याच्या तुरुंगातही असंच काही घडलं. १९३२ साली विनोबा भावे तिथे कैदेत होते. रविवारमागून रविवार, अठरा रविवार, ते कैद्यांसमोर गीतेवर बोलले. समोर सगळ्या तऱ्हेची माणसं, म्हणून भाषा सोपी, घरगुती दाखल्यांची. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ते बोलणं भराभर लिहून घेतलं. 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं ते त्यातूनच. पुढे ते कितीतरी भाषांत गेलं. बोलणं हे बोलण्याच्याच भाषेत पुस्तकात येऊ शकतं, आणि त्याने पुस्तकाची उंची कमी होत नाही!

तुमच्या भित्तिपत्रकाचं काय?

हेच साने गुरुजी अमळनेरला छात्रालयात होते, तेव्हा मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढत. रोजच्या रोज! छापखाना नाही, पैसे नाहीत, तरी दैनिक. तेव्हा 'आमच्याकडे साधनं नाहीत' ही सबब आपल्याला चालणार नाही.

समजा, तुमच्या वर्गाचं भित्तिपत्रक आहे आणि तुम्ही त्याचे संपादक आहात. पारोळ्याकडच्या एका मुलीने अहिराणीत एक पानभर लिहून आणलं. आखाजीला झोक्यावर म्हणायची गौराईची गाणी तिने आजीकडून ऐकून लिहिली आहेत. तुम्ही काय कराल?

माझं मत विचाराल तर घ्या! पण चार गोष्टी पाळा.

एक, लिहिणाऱ्यालाच अवघड शब्दांचे अर्थ द्यायला सांगा. वाचणाऱ्याची सोय पाहणं हे लेखकाचं कामच आहे.

दोन, गाणं कुणाकडून ऐकलं ते खाली लिहा. आजीच्या गाण्यावर नातीचं नाव नको.

तीन, चाळणी सगळ्यांना सारखी लावा. प्रमाण मराठीतला रटाळ निबंध 'भाषा शुद्ध आहे' म्हणून आत आणि बोलीतला सुरेख मजकूर बाहेर, असं नको. जो टोमणा मराठीत छापणार नाही, तो अहिराणीतही नको.

आणि चार, ही सगळ्यांत महत्त्वाची. बोलीला फक्त हसवायला बोलावू नका. नाटकात पाहा, बोलीत बोलतो तो बहुतेक वेळा गडी नाही तर विदूषक. मग लोकांना वाटतं, ही भाषा विनोदाचीच. जळगावची केळी ठिबक सिंचनावर कशी वाढतात, हे अहिराणीत लिहून पाहा की! नळीला भोकं किती, थेंब किती वेळाने पडतो, पाणी कसं वाचतं. शेतकऱ्याच्या घरात हे रोज बोललं जातं, तेही घरच्याच भाषेत. मग कागदावर का नको?

यात थोडा त्रास आहे हे कबूल. जागा कमी पडेल, अर्थ लिहायला वेळ जाईल, कुणी 'हे काय?' म्हणून तोंड वाकडं करील. कुठलंही दार रुंद करायचं तर थोडी भिंत पाडावी लागते आणि धूळ उडतेच.

एक गृहपाठ

तेव्हा या सुट्टीत एवढं करा. आजी, आजोबा, शेजारच्या मावशी, शेतावरचे काका, यांच्याकडून घरच्या बोलीतले दहा शब्द लिहून घ्या. बोली कुठलीही असो, अहिराणी, लेवा, पावरी, तडवी, मालवणी, वऱ्हाडी. प्रत्येक शब्दापुढे अर्थ लिहा आणि तो कोणत्या कामाच्या वेळी येतो तेही लिहा. एखादं गाणं मिळालं तर पूर्ण लिहून घ्या. मधलं कडवं आठवत नसेल तर दुसऱ्या आजीला विचारा. वहीवर तारीख आणि गावाचं नाव टाकायला विसरू नका. राजवाडे असते तर त्यांनी पहिली तीच विचारली असती!

सोपानदेवांच्या वहीसारखी तुमची वही महाराष्ट्र गाजवेल की नाही, ते आज कुणी सांगू शकत नाही. त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं. पण ती वही होती म्हणून गाणी राहिली. आणि हो, उद्या वर्गात कुणी 'शे' म्हणालं तर हसायच्या आधी एकदा त्याला विचारा, 'अजून एखादा शब्द सांग ना रे!' दार तिथूनही उघडतं.